शोधमोहीम ही एकाच थोर माणसाच्या जिद्दीची कथा असते का?

अज्ञात प्रदेश धुंडाळण्याची जिद्द एखाद्याच असामान्य माणसाच्या अंगी असते आणि बाकीचे केवळ पगारी सोबती असतात, हे खरे का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकचा असल्यामुळे हा प्रश्न वाचताच मला आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश संशोधकाच्या आधी, नाशिकला शिकलेला त्याचा आफ्रिकी सोबती जेकब वेनराइट आठवला.

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी मुले इंग्रजी आरमाराने भर समुद्रात सोडवली, की त्यांपैकी काहींची रवानगी मुंबईमार्गे नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनमध्ये होत असे. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवीत. (शरणपूर रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.) नाईलचा उगम शोधण्यासाठी लिव्हिंग्स्टन 1866 साली आफ्रिकेत उतरला, तेव्हा येथे शिकलेले 9 तरुण त्याच्याबरोबर होते. त्यांतले सारेच शेवटपर्यंत टिकले नाहीत. वेनराइट आणि आणखी काही जण 1872 मध्ये त्याला जाऊन मिळाले.

1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. मोहीम तेथेच मोडून सारे आपापल्या वाटेने गेले असते, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी मात्र चुमा आणि सुसी या लिव्हिंग्स्टनच्या जुन्या आफ्रिकी सोबत्यांच्या पुढारीपणाखाली देह किनाऱ्यापर्यंत न्यायचे ठरवले. हृदय एका झाडाखाली पुरून वेनराइटने प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव व तारीख कोरली. देहाला मीठ लावून तो सुमारे दोन आठवडे उन्हात वाळवला आणि कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला. वाटेत प्रेत नेण्यास विरोध होऊ लागला, तेव्हा काही माणसांनी खोटेच प्रेत घेऊन माघारी फिरल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेण्यात आला. आजच्या टांझानियातील उन्यान्येंबे येथे भेटलेल्या कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्याने तो तेथेच पुरावा असे सुचवले, तेही त्यांनी मानले नाही. हजाराहून अधिक मैलांची वाट तुडवून फेब्रुवारी 1874 मध्ये ते किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोहोचले. एवढे सगळे केवळ पगारासाठी कोणी करील, असे मला वाटत नाही.

माझ्या मते देहापेक्षाही त्यांनी सांभाळून आणलेल्या लिव्हिंग्स्टनच्या वह्या अधिक मोलाच्या होत्या. लिव्हिंग्स्टन ज्या लुआलाबा नदीला नाईलचा वरचा प्रवाह समजत होता, ती काँगोची निघाली. 1877 मध्ये स्टॅन्ली या दुसऱ्या संशोधकाने तिच्या प्रवाहाबरोबर जात अटलांटिकचा किनारा गाठला, तेव्हा तो वाद मिटला. ज्या कल्पनेपायी लिव्हिंग्स्टनने प्राण वेचले ती चुकीची ठरली, परंतु वाटेत टिपलेली त्याची निरीक्षणे भूगोलाच्या कामी आली, कारण ती रानात कुजू दिली गेली नाहीत.

18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. चुमा आणि सुसी अंत्यविधी उरकल्यावर इंग्लंडला पोहोचले. मात्र लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीचे संपादन करताना संपादकाला त्यांचीच मदत घ्यावी लागली.