सर्फिंग येत नसेल तर गोकर्णला जाऊन करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की सांगलीहून डिसेंबरात पाच जण गोकर्णला निघालाय, बरोबर ६८ वर्षांची आई आहे, सर्फिंग कुणालाच येत नाही, मग तीन दिवस करायचं काय. ते ‘येत नाही’ वाचलं आणि राहवलं नाही. मलाही येत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी शिकलो. शिकलो म्हणजे फळीवर उभा राहिलो. आणि मी उभा राहिलो होतो, हे आधीच नोंदवून ठेवतो.

गोकर्णला जाताना गाडीत मी, बायको, सासूबाई, साडू आणि मेहुणी. साडूंचं धोरण घरातूनच ठरलेलं: तिथल्या महाबळेश्वर मंदिरात दर्शन, कोटितीर्थाच्या तळ्यावर पाय धुणं, मुक्काम कशाला, परत गाडीत. ‘देवाच्या गावात फळ्या घेऊन नाचायचं वय आहे का आपलं?’ यल्लापूर गेलं, अरबैल घाट उतरलो, तरी हेच चालू. मी गप्प. कारण मनात पक्कं होतं की पाण्याचं आपल्याला कुणी शिकवायचं कारण नाही. पाठीला डबा बांधून सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर पोहायला शिकलेला माणूस मी. नववीत तिथल्याच आयर्विन पुलावरून नदीत उडी मारलीय, घरी मार खाल्लाय.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या मोठ्या बीचवर गेलो. शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं माझ्यापेक्षा लांब असा फोमचा बोर्ड दिला, त्याची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधली आणि अर्धा तास कोरड्या वाळूवरच ठेवलं. पालथं पडायचं, तळवे छातीशी टेकायचे, एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली. सासूबाईंनी वाळूवरून विचारलं, ‘सूर्यनमस्कार घालायला एवढ्या लांब आलात?’

मग कंबरभर पाण्यात. नवशिक्याला लांबची उभी लाट घ्यायचीच नसते. ती फुटून जो पांढरा फेस किनाऱ्याकडं धावतो, त्यावर शिकायचं. मी पहिल्या चार वेळा तोंडावर. नाकात मीठ. चूक अशी होत होती की मी पोहत होतो. कृष्णेत हात मारल्याशिवाय काही होत नाही, धार तिरकी कापावी लागते. इथं मागून लाट आली की दोन-तीन हात मारायचे आणि मग ती नेईल तसं जायचं. पोरगा म्हणाला, ‘अंकल, मेहनत आप मत करो, लहर को करने दो.’ काठावरून साडू ओरडले, ‘आपली कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते, या समुद्राची तुमची ओळखच नाही!’ वाक्य चांगलं होतं, मान्य. तिथं मान्य केलं नाही.

नवव्या की दहाव्या वेळी उभा राहिलो. तीन सेकंद, कदाचित चार. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, पण दोन्ही पाय फळीवर. पडल्यावर काठाकडं बघितलं तर बायको आणि मेहुणी चहाला गेलेल्या, साडू पाठ करून शहाळ्याचा भाव करत होते. समुद्राकडं तोंड करून एकट्या सासूबाई. फोटो नाही. तेव्हापासून साडूंचा दावा, की मी उभा राहिलोच नाही, फार तर ओणवा झालो.

तुमच्या आईंचं आता. दर्शन सकाळी उरकून घ्या, दुपारी मंदिर बंद असतं. गाभाऱ्यात पुरुषांना धोतर लागतं, अंगात शर्ट चालत नाही, घरचं न्या. ओम बीचला रिक्षा वरपर्यंत जाते, पुढं पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघू द्या, ॐच्या दोन कमानी तिथूनच नीट दिसतात. हाफ मून आणि पॅराडाइज बीचच्या डोंगरवाटेला त्यांना नेऊ नका. त्यापेक्षा गाडी काढून मिर्जान किल्ला दाखवा. जांभ्या दगडाचा, रुंद पसरलेला आहे, गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीचा. तिच्या मिरीच्या व्यापारामुळं पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणायचे. सानिकट्ट्याची मिठागरंही जवळच आहेत. आमच्या सासूबाईंना किल्ल्यापेक्षा तीच आवडली. ज्यानं त्यानं आपलं बघावं.

एक राहिलंच. पावसाळ्यात यातलं काही करू नका, तेव्हाचा समुद्र वेगळा असतो. डिसेंबरातही लाल बावटा दिसला तर पाण्यात पाऊल नको. आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याविरुद्ध हात मारून दमू नका, किनाऱ्याला समांतर सरकून त्याच्या बाहेर पडा आणि मग काठाकडं वळा. नदीवाल्यांना हे पटकन समजतं, धारेला छाती द्यायची नाही. बीपी असेल, खांदा निखळलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पोहता येतं म्हणून शिकवणारा न घेता उतरू नका. तिसऱ्या दिवशी मी उतरलो होतो, शिट्टी वाजवून बाहेर काढलं. साडूंना ते मात्र स्पष्ट दिसलं.

बाकी कुणी काहीही म्हणो, पाचातल्या एकानं तरी तासभर शिकाच. दुसऱ्या एकाला मोबाईल चालू करून काठावर उभं करा. शहाळं नंतर प्यायचं म्हणावं.

दिवाळीत सगळे जमलो तेव्हा विषय निघालाच. मी सासूबाईंना म्हटलं, आई, तुम्ही सांगा, तुमचं तोंड माझ्याकडंच होतं. त्या करंजी खात म्हणाल्या, ‘मी चपला सांभाळत होते.’