शेंगा चटणीचा धंदा वाढवायचाय: नवे प्रकार आणावेत की जुनीच चव सांभाळावी?

दोन्ही करा, पण मूळ चटणीला हात लावू नका. नवे प्रकार वेगळ्या, छोट्या घाण्यात आजमावा. सोलापूरची शेंगा चटणी ओळखली जाते ती उखळात कुटून दाण्याचं तेल सुटल्यावर येणाऱ्या ओलसरपणामुळे. मिक्सरमध्ये दाणे कापले जातात, चटणी कोरडी पडते आणि जुनं गिऱ्हाईक पहिल्या घासालाच ओळखतं. मी याच मालाच्या पॅकिंगमध्ये आहे. तक्रारी येतात त्या बहुतेक चव बदलल्याच्या. म्हणून दाणे, तिखट, लसूण, मीठ सगळं वजनावर घ्या, वहीत लिहा. मिरचीचा नवा लॉट आला की आधी किलोभरच कुटून चाखा, कारण तिचा तिखटपणा दर हंगामात बदलतो.

जवस, कारळं, कमी तिखट असे प्रकार जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत छोट्या पुड्यांत विकून पाहा. पुन्हा मागायला किती जण येतात, तेवढंच मोजा. मात्र पुण्या-मुंबईला माल धाडायचा असेल तर आधी टिकाऊपणाची तपासणी करून घ्या: दाण्याचं तेल हवा-उजेडानं खवट होतं, आणि इथे आठवड्यात खपणारी पुडी तिकडे महिनाभर फळीवर राहू शकते.