आधी पाय, मग तोफा
तुझ्या मेकचं, म्हणजे पायांवर चालणाऱ्या अवाढव्य युद्धयंत्राचं, चित्र मस्तच आहे, पण खांद्यावरच्या तोफा तूर्त बाजूला ठेव आणि तळपायाचं गणित कर. टी-७२ रणगाडा ४० टनांच्या वर भरतो, तरी रुंद पट्ट्यांमुळे जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला १ किलोहून कमी दाब येतो. तुझा ४० टनी मेक चालताना एकाच पायावर तोलला जातो. तळवा १ चौरस मीटरचा धरला तरी दाब दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो! चिखलात तो रुतणारच. वजन उतरव, नाहीतर तळवे पसरट कर. जर्मनीचा १८८ टनी माउस रणगाडा बघ, बहुतेक पुलांना तो पेलवलाच नसता. आणि मुळात चाकं-पट्टे सोडून पाय कशाला, याचं उत्तर भूभागातून दे: कडे, पडक्या इमारतींचे ढिगारे. गुडघ्याच्या सांध्यावर चिलखत कसं बसवतोस, ते पुढच्या चित्रात नक्की दाखव.