पुण्यातला जुना बंगला घेताय?

फोटो बघून हुरळून जाऊ नका. आधी सिटी सर्व्हे नंबर (शहरी जागेचा सरकारी क्रमांक) मागा आणि मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे ती सरकारी नोंद, स्वतः काढा; महाभूमी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीची प्रत मिळते. सहकारनगर, एरंडवण्यासारख्या जुन्या वस्तीत खरी गोम तिथेच सापडते. आजोबा जाऊन वर्षं झाली तरी पत्रिकेवर नाव त्यांचंच, आणि व्यवहाराला पुढे आलेला एकटा धाकटा मुलगा! लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वारस असतात. त्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. घरपट्टीची पावती कितीही जुनी असली तरी तो मालकीचा पुरावा नव्हे. प्लॉट सोसायटीचा असेल तर भाडेपट्टा, म्हणजे जमीन भाड्याने दिल्याचा करार, वाचा. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा घेऊन गच्चीवरची खोली त्यात आहे का ते पडताळा. 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींची तपासणी) मात्र तुम्ही नेमलेल्या वकिलाकडूनच करून घ्या.