‘आमची केस पात्र होईन का वं?’

प्रश्न : मॅडम, मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली. मानसशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या 60 बायांकडून नैराश्याची प्रश्नावली भरून घ्यायची आहे. 22 झाल्या. गाइड म्हणतात, ‘नैराश्य, आत्महत्या हे शब्द काढू नकोस. बायकांच्या आरोग्याचा सर्व्हे आहे म्हण, सह्या घे, तेवढं पुरे.’ आशाताई सोबत येतात म्हणून कोणी नाही म्हणत नाही. परवा एका काकूंनी पेटीतून कागदांची पिशवी काढून विचारलं, ‘हे लिवल्यावर आमची केस पात्र होईन का वं?’ आणि त्या रडायला लागल्या. मी कसाबसा फॉर्म पुरा करून निघाले. तेव्हापासून झोप लागत नाही. हे क्षेत्र मला झेपणार नाही असं वाटतं. बी.एड. करू का?

उत्तर : बी.एड.चं नंतर बोलू. आधी त्या पिशवीचं.

त्यात काय असतं ते तू गावची असल्याने तुला ठाऊक आहे. सातबारा, पंचनामा, बँकेची नोटीस, तहसीलचं पत्र. केस पात्र ठरली तर सरकारकडून 1 लाखाची मदत, अपात्र ठरली तर वर्षानुवर्षं खेटे. अशा घरात कागद-पेन घेऊन येणारा प्रत्येक माणूस तहसीलचा वाटतो. काकूंनी तुला तसंच धरलं आणि त्या आशेवर सही केली. केसबद्दल तू खोटं बोलली नाहीस, पण त्यांचा गैरसमज तसाच ठेवून फॉर्म भरलास. म्हणून ती सही संमती म्हणून धरता येत नाही. हे कशासाठी आहे ते कळणं, नाही म्हणायची मोकळीक असणं, मधेच उठून जाता येणं, इतकं असेल तेव्हाच संमती होते. सही त्यानंतरची गोष्ट.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मेकन काउंटी म्हणून भाग आहे. आपल्यासारखाच कापसाचा, कर्जात बुडालेल्या कुळांचा. तिथे 1932 मध्ये सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना सांगितलं, तुमचं ‘रक्त खराब’ आहे, आम्ही उपचार करतो. प्रत्यक्षात उपचार न करता आजार कुठवर जातो ते पाहायचं होतं. तपासणीच्या दिवशी गरम जेवण, गाडीतून ने-आण, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. पुढे तो बरा करणारं पेनिसिलिन आलं, तेही त्यांना मिळू दिलं नाही. 1972 मध्ये वर्तमानपत्रात आलं तेव्हा कुठे हे थांबलं. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणारी न्यूरेम्बर्ग संहिता 1947 चीच आहे आणि तिचं पहिलंच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं आहे. म्हणजे नियम लिहून झाल्यावरही 25 वर्षं हे चालू होतं.

मला त्यातली युनिस रिव्हर्स सगळ्यात जास्त आठवते. ती त्याच समाजातली नर्स, लोकांची खात्रीची बाई. ती गाडी घेऊन दारात यायची म्हणून माणसं निघायची. तुझ्या आशाताई भल्या आहेत, यात शंका नाही. पण लसीकरणाला, बाळंतपणाला जी बाई धावून येते तिच्यासमोर ‘मला नाही सांगायचं’ म्हणायला गावात कोण धजेल? त्यांनी घर दाखवावं, ओळख करून द्यावी आणि निघून जावं. सासू ओसरीवर बसली असेल तर तिचीही हीच गोष्ट. सरपंचाने हो म्हटलं म्हणजे तुला गावात फिरायला हरकत नाही, इतकंच. बाईचा होकार बाईनेच द्यायचा.

आता गाइड म्हणतात त्या ‘आरोग्याच्या सर्व्हे’बद्दल. मिलग्रॅमचा प्रयोग तू अभ्यासला आहेस. येल विद्यापीठात 1961 मध्ये लोकांना स्मरणशक्तीचा प्रयोग आहे म्हणून बोलावलं आणि दुसऱ्याला विजेचे झटके देतोय असं भासवलं. 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले, तेही घाम गाळत, थरथरत. परीक्षेत आपण तो आकडा लिहितो आणि त्या माणसांच्या घामाकडे दुर्लक्ष करतो. आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि ती आरोग्याशी निगडित सामाजिक व वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत. माहिती दडवायचीच असेल तर त्यावाचून अभ्यास होतच नाही हे नीतिशास्त्र समितीला पटवावं लागतं आणि नंतर माणसाला खरं सांगावं लागतं. तुझ्या अभ्यासात दडवण्याची गरजच नाही. ‘मनावरचा ताण, उदासी, झोप यांबद्दल विचारीन. काही प्रश्नांनी जुनं दुःख वर येईल. नको वाटला तो प्रश्न सोडा. यातून केस पात्र होणार नाही आणि अपात्रही होणार नाही.’ हे वऱ्हाडीत सांग, वाचून दाखव. अंगठा असेल तर ज्याचा या कामाशी संबंध नाही असा साक्षीदार घे.

हे मला शिकवणारं तेव्हा कोणी नव्हतं. माझ्या एम.ए.ला मी एका आश्रमशाळेत चाचणी घेतली. मुख्याध्यापकांनी शिट्टी मारली, मुलं रांगेत बसली, सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. एका पोराने पेन्सिल उचलण्याआधी विचारलं, ‘मॅडम, याच्यात नापास झालो तं घरी धाडता का?’ मी हसून ‘लिही रे’ म्हटलं. त्याच्या हाताखालचा कागद घामाने ओला झाला होता. पालकांना तर कोणी विचारलंच नव्हतं. आज माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी सांगते की ही परीक्षा नाही. ते त्या पोराला मला सांगता आलं नाही.

म्हणून आत्ता फॉर्म भरणं थांबव. गाइडशी भांडू नकोस, पण लेखी विचार की या अभ्यासाला नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का. कॉलेजात समिती नसेल तर विद्यापीठात चौकशी कर. या समितीत कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही असावा लागतो. हे गाइडच्याही हिताचं आहे. 2019 पासून यूजीसीने पीएच.डी.साठी संशोधन नीतीचा 2 क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे, त्यामुळे हा विषय आज ना उद्या त्यांच्या टेबलावर येणारच.

प्रश्नावलीत जीव द्यावासा वाटतो का असा प्रश्न असणार. कोणी ‘हो’ म्हटलं तर तू काय करणार, हे प्रश्न विचारण्याआधी ठरलेलं हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर, जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाची वेळ, आणि त्या दिवशी तिच्यासोबत कोण थांबेल. हे नसेल तर तो प्रश्न विचारायचा तुला अधिकार नाही. आणि लिहिताना गावाचं नाव काढलं म्हणजे झालं असं समजू नकोस. ‘दोन मुली, तीन एकर, नवरा अमुक साली गेला’ इतक्यावरून पंचक्रोशी बाई ओळखते.

क्षेत्र झेपेल का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, अध्यापन-संशोधनात जायचं तर नेट किंवा पीएच.डी. दोन्ही वाटा लांबच्या आहेत. पण घाटंजीकडच्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारी आणि तिच्या रडण्याने झोप उडालेली मुलगी या कामाला हवी आहे, असं मला मनापासून वाटतं. पोरांना शिकवायची आवड असेल तर बी.एड. जरूर कर. त्या ओसरीपासून पळायला करू नकोस.

काकूंकडे परत जा. फॉर्म सोबत ने. केसशी याचा संबंध नाही हे तोंडाने सांग, ठेवू की फाडू ते विचार, आणि फाड म्हणाल्या तर त्यांच्यासमोर फाड. मग बाकीच्या 21 जणींकडेही हेच. जायचं ते आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारनंतर. कापूस वेचणीच्या दिवशी तू तासभर बसवलंस तर तिचा तेवढा कापूस कमी भरतो आणि मजुरी जाते.