ओल्या फरशीवरून पळणारी मुलं

प्रश्न: ताई, मी पहिलीला शिकवते. 'शाळेतली आपली माणसं' हा भाग घेतला, तक्ता केला, मुलांनी धडाधड सांगितलं की शिपाईमामा घंटा वाजवतात, मावशी झाडतात-पुसतात, बाई शिकवतात. आणि त्याच दुपारी मावशींनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून सगळी पळत सुटली, वर एकजण म्हणाला, "त्यांचं कामच आहे पुसायचं." फार वाईट वाटलं. माझं कुठे चुकलं?

उत्तर: अहो, त्या मुलाने तुमचा तक्ताच म्हणून दाखवला! तक्त्यात प्रत्येक माणूस आपापल्या चौकोनात एकटा उभा असतो ना, त्यामुळे कोण काय करतं ते कळतं, पण एकाचं काम दुसऱ्याच्या कुठे उपयोगी पडतं ते दिसतच नाही.

त्यापेक्षा एकच वस्तू घ्या आणि तिचा माग काढा. माझ्या वर्गात एका मुलीची निळी बाटली हरवली होती, रडून रडून डोळे लाल, आम्ही सगळेच शोधायला निघालो आणि बाटली मिळाली ऑफिसच्या खिडकीत. मग उलटं विचारत गेलो. इथे कुणी ठेवली? क्लार्क सरांनी. त्यांना कुणी दिली? मावशींनी, झाडताना बाकाखाली सापडली म्हणून. मग वर्गात का नाही आणून दिली? तर बाटलीवरचं नाव पुसट झालं होतं, वाचताच येईना. ती पोरगी बाटली पोटाशी धरून मावशींकडे बघतच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच जणांच्या बाटल्यांवर नावं ठळक करून आली, मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुसरं म्हणजे मुलांना खरं काम द्या, नावापुरतं मॉनिटर करून उपयोग नाही. काम असं हवं की ते राहिलं तर कुणाचं तरी अडेल, जसं हजेरीचा आकडा ऑफिसात पोचवणं किंवा लायब्ररीची पुस्तकं मोजून परत देणं. आकडा गेलाच नाही तर क्लार्क सर विचारत येतील, येऊ द्या, लगेच सावरायला जाऊ नका.

आणि थोडा धीर धरा हो. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून १९३२ साली लिहून ठेवलंय की अगदी लहान मुलं शेजारी-शेजारी बसून आपापलंच खेळतात, कामं वाटून घेऊन एकत्र खेळणं वयाबरोबर हळूहळू वाढत जातं. पहिलीतली मुलं हे अजून शिकतायतच, त्या मुलाला उद्धट ठरवू नका, त्याच्यावर ओरडलात तर तो मावशींनाच टाळायला लागेल.

थँक्यू कार्डं मी तरी आत्ताच करून घेणार नाही, आधी मुलांना मावशींचं नाव तरी माहीत होऊ दे, बहुतेक वर्गांत ते कुणालाच सांगता येत नाही. मग चार-चार मुलं त्यांच्याबरोबर पाठवा, बादली किती जड असते ते उचलून बघू दे, फरशी वाळायला किती वेळ लागतो ते तिथेच थांबून बघू दे. फक्त मावशींना आधी विचारा की कुठली वेळ बरी पडेल, त्यांच्या ऐन घाईत पोरं पाठवलीत तर त्यांचंच काम वाढेल.