कलमामागची तक्रार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. राज्यघटनेची मूलतत्त्वं दहा मुद्द्यांत लिहून पाठवा, म्हणतेस. तसले मुद्दे कुठल्याही गाईडात मिळतील: लोकांचं सार्वभौमत्व, कायद्याचं राज्य, मूलभूत हक्क, संघराज्य. पाठ करायला अर्धा तास पुरतो. मीही केले होते. वकिलीच्या पहिल्या वर्षी 21 वं कलम, म्हणजे जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, न अडखळता म्हणून दाखवलं, तर माझ्या सीनिअरनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं, "हे लिहायची वेळ का आली?" मला उत्तर देता आलं नाही. तोच प्रश्न आता तुझ्या हवाली करतो. प्रत्येक कलमामागे कुणाची तरी तक्रार असते. ती सापडली की तत्त्व वेगळं पाठ करावं लागत नाही.

15 वं कलम उघड. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, हॉटेलं यांच्या जोडीला विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत विहीर कशाला? महाड आठव. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलनं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. पण ते कागदावर. प्रत्यक्षात तिथं पाणी प्यायची कुणाची छाती नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यापायी लोकांनी मार खाल्ला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

आता पोटकलम पुन्हा वाच. पहिलं म्हणतं, राज्यानं भेदभाव करायचा नाही. दुसरं राज्यापाशी थांबत नाही, ते शेजाऱ्यालाही बांधतं. तळ्यावर आडवी आली होती ती गावातलीच माणसं, म्हणून. बाबासाहेबांनी 32 व्या कलमाला, म्हणजे हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जायच्या वाटेला, घटनेचा आत्मा का म्हटलं, तेही इथंच कळतं. हक्क नुसता जाहीर होऊन भागत नाही, हे त्यांना तळ्याकाठी कळलेलं होतं.

दुसरं उदाहरण रुक्ष वाटेल. 352 व्या कलमात म्हटलंय की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. 'लेखी' हा शब्द मूळ घटनेत नव्हता. तो 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं आला. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. त्या एका रात्रीची तक्रार या शब्दात बसली आहे.

त्याच दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट केली: आणीबाणीतही 20 वं (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि 21 वं कलम कोर्टातून बजावून घेण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. त्यामागे 1976 चा जबलपूर खटला आहे. चौकशीविना डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का, हा मुद्दा होता. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी सरकारी बाजूला विचारलं की पोलिसानं वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर काय? आमचा युक्तिवाद धरला तर त्यालाही उपाय नाही, असं उत्तर आलं. आणि पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. विरोधात एकटे खन्ना. सरन्यायाधीशपदाची पाळी आली तेव्हा त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे न्यायाधीशांना एकतर देव करतात नाहीतर पायरीवर आपटतात. याच चंद्रचूडांनी 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात लिहिलं की संसदेला घटना बदलायचा अधिकार मिळालाय तो मर्यादित आहे, आणि तो वापरून ती मर्यादाच पुसता येणार नाही. जबलपूरचा निकाल शेवटी 2017 मध्ये खासगीपणाच्या खटल्यात रद्द ठरला. तो निकाल लिहिणाऱ्यांत याच चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

मूलभूत चौकटीबद्दल तू विचारलंस. घटनेत शोधशील तर हे शब्द सापडायचे नाहीत. 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालातून ते आले. तेरा न्यायमूर्ती, 68 दिवसांची सुनावणी, आणि सात विरुद्ध सहा असा काठावरचा निकाल. संसद कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूळ चौकट मोडू शकत नाही. दोन्ही बाजूंचे प्रमुख वकील मुंबईचेच, पालखीवाला आणि सिरवई. मठाच्या जमिनींसाठी कोर्टात गेलेल्या ज्या मठाधिपतींचं नाव खटल्याला मिळालं, त्या केशवानंद भारतींच्या पदरात जमिनीबाबत फारसं काही पडलं नाही, ही गंमत वेगळीच.

या चौकटीत नेमकं काय येतं याची पक्की यादी नाही, ती खटल्यागणिक ठरत जाते. निवडून न आलेल्या माणसांनी निवडून आलेल्यांना का अडवायचं, हा आक्षेप खरा आहे आणि तो हसून उडवू नकोस. मी चौकटीच्या बाजूचा आहे, त्याचं कारण 1975 ची 39 वी दुरुस्ती. पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हानच देता येऊ नये, अशी ती होती, आणि संसदेनं ती रीतसर बहुमतानं मंजूर केली होती. चौकट नसती तर ती कशाच्या आधारावर अडवली असती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सुचलं तर तू सांग.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा 22 वं कलम वाचून ये. चौकशीशिवाय डांबून ठेवायची तरतूद तिथं आहे, आणि तीही मूलभूत हक्कांच्या भागात. ती तिथं का बसली, त्यामागे कुणाची भीती होती, ते शोधून ठेव. गाईड घरीच ठेवून ये.

तुझा,
काका